ती हूल नव्हती

"ताई, ती उठतेय. आता कसं जायचं?" मागच्या सीटवरून सर हळूच म्हणाले.

वाघीण खरंच उठत होती. पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावर, जांभळीच्या सावलीत ती बराच वेळ पडून होती. तिच्या मागचं गवत मधूनमधून हलत होतं, म्हणजे बछडे तिथेच होते. पाणवठ्याच्या अलीकडे आमच्या पाच जिप्सी एकामागे एक उभ्या होत्या. आमची दुसरी. मे महिन्याची दुपार, आणि जिप्सीला छप्पर नसतं. सरांच्या मिसेसनी ओला टॉवेल डोक्यावर घेतला होता. त्यांची मुलगी हातभर लांब लेन्स डोळ्याला लावून श्वास रोखून बसली होती. पुण्याहून आलेलं हे कुटुंब आदल्या दोन सफाऱ्यांत फक्त हरणं आणि मोर बघून परतलं होतं.

सगळे वाघिणीकडे बघत होते. मी पाठमोरी होऊन पश्चिमेकडे बघत होते.

मी गाईड आहे. मोहर्लीच्या बाजूला बफरमध्ये आमचं गाव आणि आमचं छोटं गेट. बफर म्हणजे राखीव जंगलाच्या भोवतीचं जंगल, जिथे गावंही असतात आणि वाघही. प्रत्येक जिप्सीत एक ड्रायव्हर आणि एक गाईड लागतोच. ड्रायव्हर गाडी चालवतो. गाईडने प्राणी दाखवायचे, माहिती सांगायची, कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायचं आणि कोणाचाही पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. आमचा सगळ्यात मोठा नियम तोच. पाहुणा उतरला तर त्याला दंड होतो आणि गाईडचं कार्ड जातं. स्वतः गाईड उतरला तर काय, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

वारा एकदम पडला होता. पश्चिमेला झाडांच्या शेंड्यांवर मातकट पट्टा चढत होता आणि त्याच्या वर काळं आभाळ होतं. पावसाच्या आधी जे वादळी वारं सुटतं त्याला आमच्याकडे वावधन म्हणतात. गावात वावधन आलं की छपरांवरचे कवेलू उडतात, पत्रे उडतात. जंगलात झाडं पडतात. मे महिन्यात जमीन सुकून भेगाळलेली असते, जुने मोह आणि ऐन आतून पोकळ झालेले असतात. वारा एका धक्क्यात त्यांना आडवं करतो.

अशा वेळी गाडी न्यायची कुठे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. झाडीत थांबलं तर झाड अंगावर यायची भीती. मैदानात गेलं तर वीज. बंद कारमध्ये माणूस विजेपासून बराच सुरक्षित असतो, कारण वरून पत्रा असतो. जिप्सीत आपण उघड्यावर उंच बसलेलो असतो. राहता राहिली संरक्षण कुटी, म्हणजे वनरक्षक राहतात ती सिमेंटची खोली. आमच्या पाणवठ्यापासून ती जवळ होती, पण रस्ता बांबूतून होता. वारा सुटायच्या आत निघालो तरच त्या रस्त्याला अर्थ होता.

माझी खात्री होती का? नव्हती. त्याच आठवड्यात असंच आभाळ आलं होतं. मी पाहुण्यांना घेऊन लवकर निघाले, आभाळाने चार थेंब टाकले आणि ऊन पडलं. मागे थांबलेल्यांना बिबट दिसला. माझे पाहुणे गेटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

हवामानाचा इशारा फोनवर येतो हे मला माहीत आहे. पण आमचे सगळ्यांचे फोन गेटवर जमा असतात. वाघ दिसला की एकजण दुसऱ्याला फोन करतो, सगळ्या गाड्या तिथे धावतात, वाघाला रस्ता उरत नाही, म्हणून तो नियम. नियम चांगला आहे, आजही मी त्याच्या बाजूने आहे. गेटवरच्या क्लार्कने नंतर सांगितलं, की त्या दुपारी पेटीतले फोन एकदम वाजायला लागले. पेटी थरथरत होती म्हणाला. आत काय इशारा आला असेल हे त्याला कळलं, पण वायरलेस फक्त कुटीवर, गाड्यांत नाही. गाड्यांना तो सांगणार कसा?

"सर, आपण निघू या," मी म्हटलं. "वादळ येतंय."

"अहो, पण आत्ता? ती पाण्यावर येतेय." सर चिडले नव्हते. अगदी काकुळतीला आले होते. "पाच मिनिटं फक्त."

"अहो, त्या रोज इथे असतात. त्या म्हणतायत तर ऐका की," मिसेस म्हणाल्या.

आमचे ड्रायव्हर वामनभाऊ. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, बोलायला कमी. त्यांनी आरशात आभाळ बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मले बी लक्षण बरं नाई दिसून राह्यलं. पण आपन एकटं निघालो तं हे लोक का समजतीन, मालूम हाय नं?"

मला मालूम होतं. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही सगळे एकमेकांना हूल देतो. गेटवरचे ड्रायव्हर आणि गाईड सगळेच. समजा पाणवठ्यावर पुढची जागा दुसऱ्या गाडीने अडवली आहे. मग आपण कानाला हात लावायचा, म्हणजे लांब कुठे चितळाचा कॉल ऐकू आला असं दाखवायचं. वाघ दिसला की चितळ ओरडतं, त्याला आम्ही कॉल म्हणतो. कानाला हात लावला की गाडी जोरात काढायची. बाकीचे मागे धावतात. आपण पुढच्या वळणावरून परत फिरायचं आणि रिकामी जागा घ्यायची. संध्याकाळी गेटवर चहा पिताना यावरून हसायचं. कोणी मनाला लावून घेत नाही, कारण उद्या त्याची पाळी असते. आमच्या रोजच्या कामातला हा खेळ होता. त्या खेळाने आमच्या सगळ्या खुणा खोट्या केल्या होत्या, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला हाताने आभाळ दाखवलं. "वावधन येऊन राह्यलं. कुटीवर चला सगळे."

तो हसला. "सकाळी कॉल, आता वावधन. उद्या हत्ती आले म्हनशीन."

त्याच्या मागची गाडीही हसली. सकाळी वामनभाऊंनी खरंच हूल दिली होती. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर तर वळलाही नाही. वाघीण पाण्यात उतरत होती, आणि अशा वेळी कोणी जागा सोडायला सांगतो म्हणजे त्याला ती जागा हवी असते.

आम्ही निघून गेलो असतो तर ते चौघे तिथेच राहिले असते. चार गाड्या, आणि त्यांच्या डोक्यावर पाणवठ्याचा जुना मोह. त्याच्या सावलीसाठीच तर सगळे तिथे उभे राहतात.

मी दार उघडलं आणि खाली उतरले.

आपण फार धीट आहोत असं मला त्या वेळी अजिबात वाटलं नाही. इतकी वर्षं मी त्या रस्त्यावरून जात होते, पण त्या जागी जमिनीवर कधी उभी राहिले नव्हते. बसून बघितलेली वाघीण आणि उभं राहून बघितलेली वाघीण एक नसते. तिने मान वर केली. मी तिच्याकडे बघितलं नाही. पाण्याच्या उलट बाजूने, गाड्यांना हात लावत मी चौघांकडे गेले. प्रत्येकाला एवढंच म्हटलं, "गाडी काढ."

कोणी हसलं नाही. हूल द्यायला कोणी आपलं कार्ड आणि जीव पणाला लावत नाही, हे त्यांना कळलं. एकामागून एक इंजिनं सुरू झाली. मी परत येऊन बसले. सरांच्या मिसेसनी पाण्याची बाटली पुढे केली. मागे कॅमेऱ्याचा आवाज चालू होता.

आम्ही पुढे, चार गाड्या मागे. बांबूच्या पहिल्याच वळणावर समोरून माणिकची जिप्सी आली.

माणिक आमच्याच गावचा, शाळेत माझ्या वर्गात होता. गेटवर सगळ्यात जास्त हूल देणारा तोच. एकदा त्याने रिकाम्या झुडपाकडे बोट दाखवून तीन गाड्या बराच वेळ उभ्या ठेवल्या होत्या आणि स्वतः दुसरीकडे जाऊन वाघ दाखवून आला होता. त्या दिवशी सकाळी वामनभाऊंनी हूल दिली ती त्यालाच. त्याचा डाव त्याच्यावर उलटला होता आणि तो दिवसभर त्याची परतफेड शोधत होता. त्याच्यासोबत सुधाकर गाईड होता आणि मागे नागपूरचं एक तरुण जोडपं, नुकतंच लग्न झालेलं.

रस्ता अरुंद. दोन्ही गाड्या अर्ध्या गवतात घालून थांबल्या.

"माणिक, फिरव गाडी," मी म्हटलं. "वावधन येऊन राह्यलं. कुटीवर चाल आमच्या मागं."

माणिकने आमच्या मागची रांग बघितली आणि मनापासून हसला. "पाचही जन? वा. सकाळी एकट्यानं दिली, आता पार्टी करून देऊन राह्यले का?"

"हूल नाई रे बावा," वामनभाऊ म्हणाले.

"मी बी असंच म्हनतो, भाऊ. अगदी असाच चेहरा करून म्हनतो."

"माणिक, तुले हात जोडते. आभाळ पाह्य नं."

"पाह्यलं. कालपरवा बी असंच होतं." त्याने मागे वळून त्या जोडप्याला सांगितलं, "चला, जागा मोकळी झाली. आता वाघ फक्त आपलाच."

ती दोघंही हसली. सुधाकर आभाळाकडे बघत होता, पण बोलला नाही. मी परत उतरायला दाराला हात घातला. तेवढ्यात बांबूच्या शेंड्यांवर पहिली झुळूक आली आणि पिवळी पानं भुरभुर खाली पडली. मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं, "चला, चला." आमच्या रांगेत वीसेक माणसं होती, त्यात लहान मुलं होती. वामनभाऊंनी गियर टाकला. माणिकची गाडी घासून निघून गेली.

कुटीच्या अंगणात पोचलो आणि वारं सुटलं. सगळे धावत आत शिरलो. एका खोलीत वनरक्षकाची खाट, चूल, भाताचं पातेलं आणि आम्ही सगळे. दार लावून वनरक्षक पाठ टेकवून उभा राहिला. बाहेर झाडं मोडत होती. फांदी मोडण्याचा आवाज वेगळा आणि बुंधा मोडण्याचा वेगळा. बुंधा आधी करकरतो, मग थोडी शांतता, मग जमीन हादरते. मी ते आवाज मोजायचं टाळत होते. एक वीज अगदी जवळ पडली, तेव्हा एक लहान मूल रडायचंही विसरलं. मग गारा, मग पाऊस, आणि मग जसं आलं तसं सगळं थांबलं.

पहिलं बोलले ते सर. "ती समोरून आलेली गाडी?" त्यांनी विचारलं.

वनरक्षकाने वायरलेसवरून गेटला कळवलं. गेटवरून उत्तर आलं, माणसं निघालीत पण मुख्य रस्त्यावर झाडं पडलीत, तोडत यावं लागेल. वाट बघण्यात अर्थ नव्हता. पाहुण्यांना बाकीच्या गाईडजवळ ठेवलं. वामनभाऊ, वनरक्षक, दोन ड्रायव्हर आणि मी निघालो. कुटीतल्या दोन कुऱ्हाडी, दोर आणि सगळ्या जिप्सींतले जॅक घेतले. जॅक म्हणजे टायर बदलताना गाडी उचलायचं साधन. वामनभाऊंनी कुटीतली खाटही गाडीत टाकली. तिचं काय करायचं ते कोणी विचारलं नाही.

बांबूपर्यंत गाडी गेली. पुढे बांबूची बेटंच्या बेटं रस्त्यावर आडवी झाली होती. तिथून पायी. वनरक्षक काठीने डबा वाजवत पुढे चालला होता, कारण वाघीण बछड्यांसह जवळपासच असणार. आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो, काय बोलत होतो ते आठवत नाही. मला माणिकचा राग आला होता. इतका राग मला कोणाचा कधी आला नव्हता. आणि तरी मी वनरक्षकाला भरभर चाल म्हणत होते.

पाणवठ्यावरचा मोह मुळापासून उखडला होता. माणिकने गाडी अगदी पहिल्या जागेवर लावली होती, जिथे आम्हाला उभं राहायला मिळालं नव्हतं. बुंधा गाडीच्या बाजूला पडला होता, पण एक जाड फांदी बॉनेट चेपून ड्रायव्हरच्या बाजूला आत घुसली होती. जोडपं मागे खाली, दोन सीटच्या मध्ये एकमेकांना धरून बसलं होतं. मुलीच्या कपाळातून रक्त येत होतं. सुधाकरचा एक हात लुळा पडला होता आणि दुसऱ्या हाताने त्याने माणिकला धरलं होतं.

माणिक शुद्धीवर होता. त्याचा उजवा पाय फांदी आणि गाडीच्या पत्र्यात अडकला होता. त्याने मला बघितलं.

"हूल नोहती नं, शेवंताबाई."

"नोहती."

"मी हॉर्न दाबून राह्यलो कवापासून," तो म्हणाला. "वाजतच नाई."

त्याचा अंगठा तेव्हाही हॉर्नवर होता. वामनभाऊंनी तिकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. जंगलात हॉर्न वाजवायला बंदी असते. चुकूनही हात लागू नये म्हणून आमच्या गेटच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या हॉर्नची वायर काढून ठेवलेली असायची. माणिकच्या गाडीची माणिकनेच काढली होती. आमच्या गाडीची वामनभाऊंनी. इतका वेळ तो मुका हॉर्न दाबत बसला होता, आणि वाजला असता तर पाऊस थांबल्याबरोबर कुटीवर ऐकू आला असता.

पुढचं काम सावकाश झालं. फांदी कुऱ्हाडीने तोडायला घेतली तर प्रत्येक घावाने ती हलायची आणि माणिक ओठ दाबायचा. मग ठरलं, आधी फांदी उचलून धरायची, मग तोडायची. जॅक लावले तर ते चिखलात रुतायला लागले. वामनभाऊंनी माणिकच्या गाडीची स्टेपनी काढली, आडवी टाकली आणि तिच्या रिमवर जॅक बसवला. दुसऱ्या जॅकखाली दगड रचले. दोघांनी दोन्ही जॅक एकदमच फिरवले. फांदी बोटभर उचलली गेली, मग आणखी थोडी. मी माणिकचं डोकं माझ्या पोटाशी धरून ठेवलं होतं, त्याला खाली बघता येऊ नये म्हणून. मला दिसत होतं. पाय राहणार नाही हे मला तिथेच कळलं.

"शेवंताबाई, वाघीण कुठी गेली?" मधेच त्याने विचारलं.

"मालूम नाई."

"आम्ही आलो तवा नोहतीच ती," तो म्हणाला. "जागा मोकळी, पानी मोकळं."

खाटेवर घालून त्याला बांबूपर्यंत आणलं. गेटची माणसं रस्ता करत तिथपर्यंत पोचली होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जोडप्याला टाके पडले, सुधाकरचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. जीव कोणाचा गेला नाही. लोक आम्हाला नशीबवान म्हणाले. माणिकची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, तिच्यासमोर तो शब्द उच्चारायची हिंमत माझ्यात तरी नव्हती.

त्या आठवड्यातच माझा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. सरांच्या मुलीने काढलेला. तिने तो चांगल्या मनाने पाठवला होता. पण फोटोत वादळ दिसत नाही. दिसतं ते इतकंच, की गणवेशातली गाईड जमिनीवर उभी आहे आणि तिच्या मागे पाण्यात वाघीण.

वनखात्याच्या साहेबांनी ऑफिसला बोलावलं. साहेब तरुण होते, रागावणारे नव्हते. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"ह्या तुम्हीच?"

"हो साहेब."

"का उतरलात हे मला कळलंय. सगळ्या ड्रायव्हरांनी सांगितलंय. तुम्ही उतरला नसतात तर त्या झाडाखाली आणखी गाड्या असत्या."

"मग साहेब?"

"मग उद्या दुसरा कोणी उतरेल. फोटो काढायला उतरेल, आणि शेवंताबाई उतरल्या होत्या म्हणेल. त्याला मी काय सांगू?"

त्यांनी पावसाळा लागेपर्यंत मला कामावरून बंद केलं. मला फार वाईट वाटलं आणि घरी येऊन मी जेवले नाही. पण साहेब चुकीचं बोलले असंही म्हणता येत नव्हतं. वाघाच्या जंगलात खाली उतरणं ही धोक्याची खूण होऊ शकत नाही. दुसरी खूण हवी होती.

पावसाळ्यानंतर गेटवर सगळ्यांची मीटिंग झाली. कोणी म्हणालं प्रत्येक गाडीत वायरलेस द्या. ते सध्या होणार नव्हतं. कोणी म्हणालं लाल कापड दाखवू. मागून एकजण म्हणाला, लाल कापडाची हूल मी पहिल्याच दिवशी देतो, आणि सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. शिट्टी निघाली, हेडलाइट निघाली. प्रत्येक खूण कोणी ना कोणी आधीच वापरून झिजवली होती.

माणिक कुबड्या घेऊन दाराशी बसला होता. दवाखान्यातून आल्यावर तो पहिल्यांदाच गेटवर आला होता.

"हॉर्न," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"मी सगळ्या परकारची हूल देल्ली," तो म्हणाला. "हॉर्नची कवा नाई देल्ली. कोनीच नाई. तो बंदच हाय म्हनून."

"जंगलात हॉर्न?" साहेबांनी विचारलं. "जनावरांना त्रास होईल म्हणून तर बंदी आहे."

"वावधनात जनावराले हॉर्नचा का तरास होनार, साहेब? झाडं पडून राह्यली असतात."

साहेबांनी बराच विचार केला. वरच्यांशी बोलून मग होकार आला. ठरलं असं, की वादळ किंवा अपघात असेल तरच लांब हॉर्न वाजवायचा. ऐकणाऱ्याने समोर काहीही असो, गाडी कुटीकडे काढायची. त्याची कोणी गंमत केली तर तो कायमचा गेटबाहेर. आणि सगळ्यांनी वायरी जोडून घ्यायच्या.

हूल देणं बंद झालं असं समजू नका. परवाच एकीने मला कानाला हात लावून पार तलावापर्यंत पळवलं. पण हॉर्नला कोणी हात लावत नाही. त्यानंतर एका मे महिन्यात तो खराच वाजला. दोन पाणवठ्यांवरच्या गाड्या एका शब्दाशिवाय निघाल्या. त्या दिवशी वारा येऊन गेला आणि एकही झाड पडलं नाही. गेटवर कोणी कोणाला बोल लावला नाही.

माणिक आता जयपूर फूट लावून गेटच्या बॅरियरवर बसतो. प्रत्येक जिप्सी आत जायच्या आधी त्याच्यासमोर थांबते. तो ड्रायव्हरला एकच शब्द म्हणतो, "वाजव." हॉर्न ऐकला की दोर ओढून बॅरियर वर घेतो.

गेल्या महिन्यात आमच्याच गाडीचा वाजला नाही. खड्ड्यांनी वायर सैल झाली असणार. मागे पाहुणे घाईत होते. पहाटेचा पहिला तास वाया चालला होता. इतर गाड्या पुढे निघून जात होत्या.

"अहो, जंगलात तर हॉर्नला बंदी आहे ना?" पाहुण्यांतले एकजण माणिकला म्हणाले. "मग तो वाजला काय, न वाजला काय?"

माणिकने त्यांच्याकडे बघितलं. समजावत बसणं त्याचा स्वभाव नाही. "मी दाबला होता, साहेब," तो म्हणाला. "नोहता वाजला."

त्यांना काही कळलं नाही. वामनभाऊ खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि वायर घट्ट बसवली. मग त्यांनी हॉर्न दाबला, जरा जास्तच वेळ. माणिकने दोर ओढला आणि आम्ही आत गेलो.

हल्ली मी पाहुण्यांना गेटवरच सांगून ठेवते. आत गेल्यावर आम्ही एकमेकांना बरंच खोटं सांगतो, ते मनावर घेऊ नका. पण हॉर्न ऐकू आला तर वाघ समोर असला तरी आपण निघणार, आणि तेव्हा माझ्याकडे पाच मिनिटं मागायची नाहीत.